कळ कोण दाबते? : स्तनाचा कर्करोग, संप्रेरके आणि जनुके



चिटणिसांनी मला होमिओपॅथीवर बोलायला सांगितले होते. मी विषय बदलून मागितला. लालबर्र्यात एखाद्या बाईच्या छातीत गाठ लागली तर ती आधी कोणाला सांगते? कोणालाच नाही. काही महिन्यांनी बहिणीला सांगते, मग देवाला नवस बोलते, आणि त्यानंतर पुष्कळदा आमच्यासारख्या गोड गोळ्यांच्या डॉक्टरकडे येते. इकडे बोलताना त्याला 'गठान' म्हणतात. "साहेब, गठान गोळ्यांनी विरघळेल ना? चाकू नको." हे वाक्य मी पस्तीस-छत्तीस वर्षे ऐकतो आहे.

माझे उत्तर आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचे निवांत ऐकाल. छातीतल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात. पण कोणती आहे आणि कोणती नाही, हे नुसत्या बोटांनी सांगता येत नाही. त्याला सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी लागते आणि सुई घालून तुकडा काढून तपासावा लागतो. कर्करोगाची गाठ माझ्या गोळ्यांनी विरघळत नाही. त्या दिवशी मी औषध देत नाही, बालाघाटला, गोंदियाला किंवा नागपूरला जाण्याची चिठ्ठी देतो. आमच्याच पॅथीत गाठ विरघळवण्याच्या जाहिराती करणारे आहेत. त्यांच्या दारात बाईचे सहा महिने, वर्ष जाते, आणि तेवढ्यात गाठ काखेत उतरते. यापेक्षा कठोर बोलायला मला संकोच नाही, पण वेळ थोडा आहे.

आता विषय. ही गाठ वाढते कशाने? कोणाच्या सांगण्यावरून वाढते?

याचे पहिले उत्तर गाई-म्हशींच्या गोठ्यातून आले, हे इथल्या शेतकरी मंडळींना ऐकायला आवडेल. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो शहरात जॉर्ज बीटसन नावाचे शल्यचिकित्सक होते. तरुणपणी त्यांनी दूध कसे उतरते या विषयावर प्रबंध लिहिला होता. त्या अभ्यासात त्यांना कळले, की काही देशांतले शेतकरी गाय व्याल्यावर तिचे बीजांडकोश काढून टाकतात, म्हणजे ती पुढे दीर्घकाळ दूध देत राहते. बीटसन यांच्या लक्षात आले की स्तन इथे आणि बीजांडकोश तिथे, दोघांना जोडणारी खास नस नाही, तरी एकाचा हुकूम दुसऱ्यावर चालतो. मग त्यांनी कर्करोग फार पसरलेल्या, ऑपरेशनच्या पलीकडे गेलेल्या एका तरुण बाईचे बीजांडकोश काढले. तिच्या गाठी ओसरल्या. १८९६ साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केले. तेव्हा 'हार्मोन' हा शब्दसुद्धा जन्मला नव्हता, आणि इस्ट्रोजेन हाती यायला आणखी तीसेक वर्षे होती.

पुढे इतरांनी हे ऑपरेशन करून पाहिले. साधारण तीनपैकी एका बाईला गुण येई, दोघींना येत नसे. रोग एक, ऑपरेशन एक, मग हा भेद का? हे कोडे साठ वर्षे सुटले नाही. ते सुटले शिकागोत. १९५८च्या सुमारास एल्वूड जेन्सन यांनी इस्ट्रोजेनला किरणोत्सर्गी खूण लावून ते उंदरांना दिले आणि ते कुठे जाऊन थांबते ते पाहिले. रक्तातून ते सगळीकडे फिरले, पण गर्भाशयासारख्या ठराविक अवयवांत अडकून राहिले. तिथल्या पेशींत त्याला धरून ठेवणारे एक प्रथिन होते. त्यालाच आपण रिसेप्टर म्हणतो, मराठी पुस्तकांत 'ग्राही' असा शब्द आहे. ज्या गाठीत हा ग्राही आहे ती इस्ट्रोजेनचे ऐकते. ज्या गाठीत नाही ती ऐकत नाही. बीटसनच्या त्या दोघी बायकांच्या गाठींना कान नव्हते, असे म्हणा.

ऐकते म्हणजे नेमके काय करते? आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तोच एक जनुकांचा ग्रंथ आहे. नखाच्या पेशीत आहे तोच स्तनाच्या पेशीत. फरक एवढाच की प्रत्येक जागी वेगवेगळी पाने उघडलेली असतात. आम्हा जैनांच्या मंदिरांत जुनी हस्तलिखिते वेष्टनात गुंडाळून, दोरी बांधून ठेवलेली असतात. श्रुतपंचमीला ती बाहेर काढतात, पुसतात, पुन्हा नव्या वेष्टनात बांधतात. पोथी भांडारात आहे, पण वेष्टन सुटल्याशिवाय ती कोणाला वाचता येत नाही. पेशीतही डीएनएचा धागा असाच प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. कोणते वेष्टन सोडायचे, कोणते पान वाचायचे आणि किती वेळा वाचायचे, हे ठरवण्याच्या कारभाराला जनुकांचे नियमन म्हणतात. जनुक बिघडणे ही एक गोष्ट, आणि धड जनुक नको तेव्हा वाचले जाणे ही दुसरी. कर्करोगात दोन्ही होतात. पहिलीविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ येते, दुसरीविषयी फारसे कोणी बोलत नाही.

इस्ट्रोजेन पेशीत शिरते आणि ग्राहीला जाऊन चिकटते. चिकटताच ग्राहीचा आकार बदलतो, दोन ग्राही जोडीने डीएनएवर ठराविक ठिकाणी बसतात. मात्र ते ठिकाण आधी मोकळे झालेले असावे लागते. फॉक्सएवन नावाचे एक प्रथिन पुढे जाऊन वेष्टन सैल करते, मग ग्राहीला जागा मिळते. तिथे बसल्यावर तो मदतनीस प्रथिने बोलावतो आणि वाचन सुरू होते. वाचलेल्या पानांत पेशीला 'दुभंग, दोनाच्या चार हो' असे सांगणारी पाने असतात. निरोगी स्तनात हे दर पाळीला थोडे थोडे होते, गरोदरपणी पुष्कळ होते, आणि मग थांबते. इस्ट्रोजेन विष नाही. ते नसते तर मुलगी वयात आली नसती आणि म्हातारपणी हाडे टिकली नसती. कर्करोगाच्या पेशीत बिघाड असा असतो की आज्ञा नेहमीचीच येते, पण थांबा म्हणणारी यंत्रणा मोडलेली असते.

याच वाचनात आणखी एक पान उघडते, प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या संप्रेरकाचा ग्राही बनवण्याचे. म्हणून बायोप्सीच्या रिपोर्टावर ईआर आणि पीआर अशी दोन नावे असतात. ईआर म्हणजे इस्ट्रोजेनची कळ आहे. पीआरही सापडला तर ती कळ नुसती बसवलेली नाही, चालूसुद्धा आहे, असा बहुधा अर्थ होतो. तिसरे नाव हर-टू. ते वेगळ्या जनुकाचे आहे. त्याच्या प्रती काही गाठींत भरमसाट वाढलेल्या असतात आणि त्यावर वेगळी औषधे आहेत. तिन्ही नसतील तर ट्रिपल निगेटिव्ह. हा प्रकार पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे अधिक दिसतो आणि तो वयाने लहान बायकांना गाठतो. त्याला केमोथेरपी लागते, संप्रेरकांच्या गोळीचा उपयोग नाही.

या संशोधनात मराठी माणसांचा वाटा आहे. मुंबईत टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ साली उघडले आणि तिथे वसंत रामजी खानोलकर यांनी विकृतिशास्त्राचा पाया घातला. त्यांच्या हाताखाली पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेली एक मुलगी डॉक्टरेट करायला आली. माहेरची कमल समर्थ, लग्नानंतर कमल रणदिवे. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएचडी मिळाली, मग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला जाऊन त्या पेशी काचपात्रात वाढवण्याची विद्या शिकल्या. परत आल्यावर त्यांनी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्या विद्येची प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगात आनुवंशिकता, संप्रेरके आणि विषाणू हे तिघे एकमेकांशी कसे गुंतलेले असतात, हे त्यांनी उंदरांच्या वाणांत तपासले. उंदरांत एक विषाणू आईच्या दुधातून पिलात जातो आणि संप्रेरकाचा इशारा मिळाला की त्याची जनुके जोराने वाचली जातात. पुढे जगभरच्या प्रयोगशाळांनी 'संप्रेरक जनुकाला कसे हुकूम देते' हे याच विषाणूवर शिकून घेतले. इथे बसलेल्या आयांनी मात्र घाबरू नये, ही उंदरांची गोष्ट आहे. माणसात आईच्या दुधाने कर्करोग जातो असे सिद्ध झालेले नाही. उलट अंगावर पाजल्याने आईचाच धोका कमी होतो.

कमलताईंना १९८२ साली पद्मभूषण मिळाले. आपल्या शाळांच्या भिंतींवर त्यांचे चित्र मी अजून पाहिलेले नाही. असो.

मुंबईत १९६३ पासून कर्करोगाच्या रुग्णांची नोंदवही ठेवली जाते. १९८७ साली सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीला तशीच नोंदवही खेड्यांसाठी सुरू झाली. दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या की दिसते, की भाषा एक, मुलूख एक, तरी मुंबईच्या बायकांत स्तनाचा कर्करोग बार्शीकडच्या खेड्यांतल्या बायकांपेक्षा पुष्कळ जास्त. मुंबईतल्या पारशी स्त्रियांत त्याचे प्रमाण आणखी वरचे, आणि त्यांच्यात लग्ने उशिरा, मुले कमी. याचा धागा संप्रेरकांपाशी जातो. पाळी लवकर सुरू होऊन उशिरा जाणे, पहिले मूल तिशीनंतर होणे किंवा न होणे, अंगावर थोडे पाजणे, उतारवयात वजन वाढणे, या सर्वांनी स्तनाच्या पेशींना आयुष्यात अधिक वेळा 'दुभंग' अशी आज्ञा मिळते. आपल्या आज्यांना सात-आठ बाळंतपणे झाली, दोन-दोन वर्षे पाजणे झाले. त्यांच्या आयुष्यातल्या पाळ्या मोजल्या तर नातींच्या कितीतरी कमी भरतील. २००२ साली तीस देशांतल्या अभ्यासांची बेरीज प्रसिद्ध झाली. तीत दर बाळंतपणामागे धोका सुमारे सात टक्के आणि दर वर्षाच्या पाजण्यामागे आणखी चार टक्क्यांहून थोडा जास्त घटलेला दिसला.

हे सांगितले की सभागृहातले एखादे आजोबा लगेच मान डोलावतात, 'बघा, पोरींना शिकवून हेच झाले.' त्यांना माझे सांगणे, की त्याच आज्यांतल्या कित्येक बाळंतपणातच गेल्या, आणि बार्शीच्या वहीत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग वरच्या जागेवर होता. त्या काळाचा हेवा करण्यासारखे काही नाही.

आता मला सर्वांत ओढ लावणारा भाग. डॉ. राजेंद्र बडवे यांचे नाव आपण ऐकले असेल. ते पुढे टाटा मेमोरियल सेंटरचे संचालक झाले, २०१३ साली पद्मश्री मिळाली. लंडनच्या गायज रुग्णालयात असताना त्यांनी आणि सहकाऱ्यांनी पाळी चालू असलेल्या २४९ बायकांच्या जुन्या नोंदी काढल्या आणि एक साधा प्रश्न विचारला. ऑपरेशन झाले तेव्हा पाळीचा कितवा दिवस होता? १९९१ साली प्रसिद्ध झालेले उत्तर चकित करणारे होते. पाळी आल्यापासून तिसऱ्या ते बाराव्या दिवसांत, म्हणजे इस्ट्रोजेन एकटे चढत असते तेव्हा, ज्यांचे ऑपरेशन झाले त्यांच्यापैकी दहा वर्षांनी ५४ टक्के जिवंत होत्या. इतर दिवसांत झालेल्यांपैकी ८४ टक्के. हे सर्वांना पटले नाही, इतरांच्या नोंदींत फरक दिसला नाही असेही झाले. जुन्या नोंदींत फसगत होऊ शकते, हा आक्षेप रास्त होता.

मग बडवे यांनी मुंबईत चाचणी घेतली. पाळीचा उत्तरार्ध असतो तेव्हा प्रोजेस्टेरॉन वर असते. तर ऑपरेशनच्या आधी पाच ते चौदा दिवस त्याचे एकच इंजेक्शन दिले तर? हजार बायका, चिठ्ठ्या टाकल्यासारख्या दोन गटांत वाटलेल्या. निकाल २०११ साली आला. सरसकट पाहिले तर दोन गटांत भरवशाचा फरक नव्हता. पण ज्यांच्या काखेतल्या गाठींत रोग पोचला होता अशा ४७१ जणींत पाच वर्षांनी इंजेक्शनवाल्या ६५.३ टक्के रोगमुक्त राहिल्या, इतर ५४.७ टक्के. इंजेक्शन स्वस्त, एकदाच घ्यायचे. मात्र मूळ प्रश्नाचे उत्तर 'फरक नाही' असताना आतल्या एका गटावरून हुरळून जायचे नसते, त्यासाठी पुन्हा चाचणी लागते. तेव्हा उद्या सकाळी दवाखान्यात येऊन मला ते इंजेक्शन मागू नका. पण प्रश्न विचारण्याची पद्धत पाहा. नवे महागडे औषध नाही, नवे यंत्र नाही, पाळीचा दिवस विचारला.

तरी एक शंका उरतेच. रजोनिवृत्तीनंतर वर्षानुवर्षे इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टेरॉनच्या जातीच्या कृत्रिम गोळ्या घेणाऱ्या बायकांत स्तनाचा कर्करोग वाढतो, हे २००२ साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत दिसले. मग तेच घराणे एका इंजेक्शनात उपकार कसे करील? नवी मुंबईत खारघरला टाटांचीच ॲक्ट्रेक ही संशोधनसंस्था आहे. तिथे अमित दत्त यांच्या गटाने कर्करोगाच्या पेशींना प्रोजेस्टेरॉन देऊन कोणती पाने उघडतात, कोणती मिटतात, ते वाचले. २०२२ साली त्यांनी दाखवलेला एक मार्ग सोपा करून सांगतो. इस्ट्रोजेनचा ग्राही बनवण्याचा निरोप जनुकाकडून निघतो. पेशीत काही सूक्ष्म आरएनए असतात, ते असे निरोप वाटेतच अडवतात. त्यांतला एक इथे महत्त्वाचा. पण त्यालाही शोषून घेणारा दुसरा एक लांबलचक आरएनए या पेशींत असतो, त्यापासून प्रथिन वगैरे काही बनत नाही, तो नुसता टिपकागदासारखा. प्रोजेस्टेरॉन दिले की टिपकागद कमी होतो, सूक्ष्म आरएनए मोकळा होतो, ग्राहीचा निरोप अडतो, आणि पेशीची इकडेतिकडे घुसण्याची शक्ती घटते. हे काचपात्रातल्या पेशींत दिसले आहे, माणसातले गणित याहून मोठे असणार. पण एकच संप्रेरक कोणत्या वेळी, किती दिवस, कोणाच्या सोबतीने आले यावर उघडणारी पाने बदलतात, हे त्यातून नीट कळते. 'हार्मोन वाईट' किंवा 'हार्मोन चांगले' असे कोणी सांगितले तर त्याला वेळ विचारा.

या सर्व ज्ञानाचे सर्वांत मोठे फळ आपल्या इथल्या मेडिकलच्या दुकानातही मागवून मिळते. टॅमॉक्सिफेन. १९६२ साली इंग्लंडमधल्या आयसीआय कंपनीत डोरा रिचर्डसन या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी हे द्रव्य बनवले ते गर्भनिरोधक म्हणून. त्या कामी ते साफ नापास झाले, उलट बीज सुटायला मदत करू लागले. मग १९७१ साली मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयाने पसरलेल्या स्तनकर्करोगात ते वापरून पाहिले. ते इस्ट्रोजेनच्याच जागी ग्राहीला चिकटते, पण ग्राहीला वेगळे वळण देते. त्यामुळे वाचनाला मदतनीस येण्याऐवजी वाचन बंद करणारे येतात. गंमत अशी की हाडांत आणि गर्भाशयात मदतनीस प्रथिने निराळी, म्हणून तिथे तेच औषध थोडेफार इस्ट्रोजेनसारखे वागते. हाडांना त्याचा फायदा. गर्भाशयाला किंचित धोका, म्हणून पाळी गेलेल्या बाईला हे औषध चालू असताना रक्त दिसले तर लगेच सांगायचे.

पाळी गेल्यानंतर बीजांडकोश थंड होतात, पण चरबीत अरोमाटेज नावाचे वितंचक इस्ट्रोजेन बनवतच राहते. ते बंद करणारी लेट्रोझोल, ॲनास्ट्रोझोल ही औषधे त्या वयासाठी. तरुण बाईला ती एकटी पुरत नाहीत.

ग्राही असलेल्या गाठीत टॅमॉक्सिफेन पाच वर्षे घेतले तर पंधरा वर्षांतले मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने कमी होतात. कित्येक चाचण्यांची बेरीज करून २०११ साली हा आकडा निघाला, आणि काहींना डॉक्टर दहा वर्षेही घ्यायला सांगतात. आता आपल्या गावचे सांगतो. नागपूरला ऑपरेशन होते, केमो होते, केस गळतात आणि पुन्हा येतात. घरची मंडळी पैशाची जमवाजमव करून थकलेली असतात. मग रोज एक लहानशी गोळी उरते. दुखत काही नाही, गाठ तर दिसत नाही. अंगातून वाफा येतात, रात्री घामाने झोप उडते. वर्ष-दीड वर्षाने बाई गोळी सोडते, कधी घरातलेच म्हणतात, 'आता कशाला?' उरलेली एखादी पेशी कुठे हाडात बसली असेल, तिला तेव्हापासून पुन्हा इस्ट्रोजेनचे बोलणे ऐकू येऊ लागते. हा रोग दहा वर्षांनीही परततो तो बऱ्याचदा असा. त्या वाफांसाठी, झोपेसाठी माझ्याकडे या, डॉक्टरांशी बोलून उपाय करू. गोळी मात्र मला विचारून सुद्धा सोडू नका.

दोन प्रश्न चिठ्ठीवर आले आहेत. पहिला, 'आईला झाला, मला होईल का?' स्तनाच्या कर्करोगात दर शंभरातल्या पाच ते दहा जणींतच तो सरळ वारशाने आलेल्या जनुकदोषामुळे असतो. बीआरसीए नावाची दोन जनुके त्यांत मुख्य. ती डीएनएची डागडुजी करतात. दोष वडिलांकडूनही येतो, तेव्हा आत्या आणि वडिलांची आई यांचीही चौकशी करा. घरात दोघी-तिघींना झाला असेल, चाळिशीच्या आत झाला असेल किंवा सोबत बीजांडकोशाचा कर्करोग असेल, तर मोठ्या केंद्रात सल्ला घ्यावा. दुसरा प्रश्न, 'पुरुषांना होतो का?' होतो, या रोगाच्या शंभर रुग्णांत एखादा पुरुष असतो, आणि तो बायकांपेक्षाही उशिरा दाखवतो.

शेवटी एक मुंबईचाच प्रयोग. १९९८ पासून टाटाच्या इंद्रनील मित्रा यांच्या गटाने झोपडपट्ट्यांतल्या १,५१,५३८ बायकांवर वीस वर्षे अभ्यास केला. निम्म्यांचे स्तन दर दोन वर्षांनी प्रशिक्षित बाई हाताने तपासत असे. ह्या तपासणाऱ्या डॉक्टर नव्हत्या, दहावीपर्यंत शिकलेल्या साध्या आरोग्यसेविका. रोग आधीच्या अवस्थेत सापडू लागला. सर्व वयांचे मिळून मृत्यूंतली घट ठाम म्हणण्याएवढी नव्हती, पण पन्नाशीच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी घटले. आपल्या तालुक्यात आशा कार्यकर्त्या आहेत, दहावी शिकलेल्या मुली घरोघर आहेत. मंडळाच्या ग्रंथालयाची मागची खोली दुपारी रिकामीच असते. चिटणिसांनी ती महिन्यातून एक दुपार दिली, तर शिकवायला नागपूरहून एखादी डॉक्टरीणबाई आणण्याची खटपट मी करतो. ज्या भगिनींना यायचे असेल त्यांनी निघताना ग्रंथपालबाईंकडे नाव द्यावे. पडदा मी शिवून आणला आहे.